मोहफुलांसाठी कानाची मशीन

"यातली सगळ्यात भारी कोणती ते सांगा."

कानाच्या मशीनच्या माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. खुर्चीत बसायच्या आधी, कान कोणाचा तपासायचा हे सांगायच्याही आधी. इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं आणि मी पाणी मागवते. गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःसाठी.

चंद्रपुरात मी तीस वर्षं लोकांचे कान तपासले. आता दुकान भाचीच्या हवाली केलंय. आठवड्यातून दोन दिवस जाते आणि तिच्या कामात लुडबुड करते. आमच्या भागात हा धंदा का चालतो हे वेगळं सांगायला नको. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, गिट्टीचे क्रशर. माणूस निवृत्त होऊन घरी येतो तोवर कानातले बारीक आवाज कधीच निघून गेलेले असतात. ढोल ऐकू येतो, नातीचं बोलणं कळत नाही. "मले आयकू येते जी, समजत नाई," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की दुकानाच्या पाटीवर तेच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आणि भारी मशीन घेतली म्हणजे झालं, असंही नसतं. राजुऱ्याकडचे एक निवृत्त फोरमन होते. दोन्ही कानांना उत्तम मशीन घेतल्या. महिन्याभरानं बायको कुरकुरत आली, "काईच फरक नाई." मी त्यांना समोर बसवून दिवसाचा हिशेब विचारला, तेव्हा कळलं की गृहस्थ फक्त स्वतः बोलताना मशीन घालायचे. दुसरं कोणी बोलायला लागलं की काढून खिशात. का, तर सेल वाचतो. तीस वर्षं सुपरवायझरी केलेल्या माणसाला ऐकायची सवय लावणं हे माझ्या शिक्षणात बसत नव्हतं.

बाहेरच्यांसाठी दोन शब्द सांगते. आवाज मोठा करणं हे मशीनचं सगळ्यात सोपं काम. ते स्वस्तातलीही करते. महागड्या मशीनमध्ये आपण पैसे देतो ते आवाज लहान करण्याचे. तिच्या आत जणू एक कारकून बसलेला असतो. येणारा प्रत्येक आवाज तो तपासतो. हे समोरून आलेलं बोलणं, याला आत सोडा. हा पंखा, हा वारा, ही मागच्या टेबलावरची गडबड, यांना बाहेर ठेवा. मशीन जितकी भारी, तितका हा कारकून कडक आणि तितकाच तो तुम्हाला न विचारता निर्णय घेणारा. लग्नाच्या पंगतीत तो देवासारखा वाटतो. पण त्याला पंगत आणि रान यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो, हे मला शेवंताबाईंनी शिकवलं. तिथे माझी चूक झाली होती, आणि ती सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

शेवंताबाईंना त्यांचा मुलगा विलास घेऊन आला. बाई सावली तालुक्यातल्या, गावाला लागून जंगल. साठीच्या आसपासचं वय, नऊवारी, हातात कापडी पिशवी. विलास राजुऱ्याजवळच्या खाणीत डंपर चालवायचा आणि तिकडेच राहायचा. धुळीत आणि आवाजात दिवस काढणारा माणूस, त्यामुळे आईच्या कानांबद्दल त्याला फार वाटायचं. आईला फोनवर बोललेलं कळत नाही, नातवंडं हाक मारून कंटाळतात, हे त्यानं एका दमात सांगितलं. मोबाइलवर वाचून त्यानं दोन मशीनची नावं लिहूनही आणली होती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही वरच्या दर्जाच्या, किंमत जवळपास सारखी.

"म्याडम, यातली भारी कोणती?" त्यानं विचारलं. मी पाणी मागवलं.

आमच्याकडे नव्या माणसाचा एक फॉर्म भरायचा असतो. दिवसभर काय करता, टीव्ही बघता का, फोनवर किती बोलता, गर्दीत जाता का. मी शेवंताबाईंकडे बघून विचारत होते आणि उत्तरं विलास देत होता. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे हमखास होतं. आपण त्याच्याकडे बघतो आणि ऐकतो दुसऱ्याचंच.

"दिवसभर काय करतात?"

"घरीच राहाते माय. आता काई काम नाई करू देत आमी तिले."

मी लिहिलं, घरी. शेवंताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना हा संवाद ऐकूच गेला नव्हता, आणि मला तो पुन्हा त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगावा असं वाटलं नाही. एवढीच माझी चूक. एक मिनिटाची.

पहिली मशीन समोरचं बोलणं फार स्वच्छ द्यायची आणि मागचं सगळं दाबून टाकायची. मोबाइलशी थेट जोडली जायची, फोनवरचा आवाज सरळ कानात. दुसरी चहूकडचे आवाज येऊ द्यायची. त्यामुळे कलकल जास्त आणि फोनशी तिचं फारसं जमायचं नाही. घरी राहणाऱ्या, फोनवर मुलाशी बोलणाऱ्या आईसाठी पहिली मशीन, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मी ती बसवली आणि दोघांना गोल बाजारात फिरून यायला सांगितलं. अर्ध्या तासानं बाई परत आल्या त्या हसतच. बांगडीवाल्यानं सांगितलेला भाव त्यांनी स्वतः ऐकून स्वतः पाडला होता. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी मला हा धंदा जगातला सगळ्यात चांगला धंदा वाटतो आणि मी जरा फुगते. त्या दिवशीही फुगले.

दोन महिने विलासचे फोन येत राहिले. माय रोज बोलते, माय नातीचा पाढा ऐकते. मग मार्च संपता संपता एका दुपारी शेवंताबाई स्वतः आल्या, एस. टी. नं, विलासला न सांगता. सोबत गावातल्या सुमनबाई होत्या. वयानं थोड्या लहान, चेहरा कठोर. शेवंताबाईंनी मशीनचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, हे ठेवून घ्या."

"का? आवाज येत नाही?"

"आवाज तं येते जी. सुनेनं कुकरच्या शिट्ट्या मोजाले मलेच बसवलं. पर ज्याच्यासाठी मी कानात घातली, ते काम नाई होत."

मग जे कळलं ते सुमनबाईंनी सांगितलं. त्यांच्या गावात मोह वेचायला बायका एकट्या जात नाहीत. वाघ आहे. आठ जणींची टोळी पहाटे निघते आणि आपापल्या झाडाखाली पांगते. झाडं ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. सगळ्यांत पुढे सुमनबाई. त्या थोड्या थोड्या वेळानं लांब हाक देतात, "होऽऽ", आणि बाकीच्या सात जणी जवळच्या झाडापासून लांबच्या झाडापर्यंत एकेक करून ओ देतात. एखादी ओ आली नाही तर सगळ्या टोपली टाकून, ओरडत, तिच्या झाडाकडे धावतात.

"दोन साल झाले," सुमनबाई म्हणाल्या, "हिची ओ आली नाई. आमी जीव मुठीत घेऊन पळालो. काट्यानं पाय फाटले. जाऊन पायतो तं हे आरामात फुलं वेचून राह्यली. तवाच सांगतलं, तू येऊ नोको. तुया पायी आमी मरू."

शेवंताबाई दोन वर्षं घरी बसल्या होत्या ते यासाठी. त्यांच्या झाडाखालची फुलं दुसरी वेचत होती. मशीन आली तेव्हा त्यांनी सुमनबाईंचे पाय धरले, आता ऐकू येतं, मला न्या. सुमनबाईंनी नेलं. पहिल्याच पहाटे हाक गेली, सहा ओ आल्या, सातवी आली नाही. पुन्हा सगळ्या धावल्या. पुन्हा शेवंताबाई आरामात फुलं वेचत होत्या.

मला आधी रागच आला. मी मशीन कॉम्प्युटरला लावली, तपासली आणि सुमनबाईंना जरा वरच्या पट्टीत सांगितलं की हिच्यात काही बिघाड नाही, ही बाजारातल्या सगळ्यात चांगल्या मशीनपैकी आहे.

"असंल," सुमनबाई म्हणाल्या. "मंग हे फुलं वेचताना वाकते, तवा थे मशीन कुठी पायते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मशीनचं समोर म्हणजे नाकासमोर. माणूस खुर्चीत बसून समोरच्याशी बोलतो तेव्हा ते बरोबर आहे. पण वाकून फुलं वेचणाऱ्या बाईचं नाक जमिनीकडे असतं. माझी भारी मशीन अख्खी पहाट जमिनीकडे कान लावून बसली होती, आणि सगळं जंगल तिच्या हिशेबी मागे होतं. शिवाय लांबवलेली हाक म्हणजे काही बोलणं नव्हे. कारकुनानं ती गोंगाट समजून बाहेर ठेवली. त्याला नेमून दिलेलं काम त्यानं चोख केलं होतं. नेमून देणारी मी होते.

"शेवंताबाई," मी त्यांच्याजवळ सरकून म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला काही विचारलंच नाही. चुकलं माझं."

"तुमी तं इचारत होत्या जी," त्या म्हणाल्या. "विलास सांगून राह्यला होता. लेकरू खुश होतं. मी काय बोलू?"

त्या शनिवारी मी दोन्ही कंपन्यांच्या मशीन आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या गावी गेले. तीस वर्षं बंद खोलीत कान तपासणाऱ्या बाईनं पहिल्यांदा बांधीत खाट टाकून कान तपासले. धानाचं पीक निघून रिकामी झालेली बांधी, तिच्या कडेला मोहाची दोन झाडं. शेवंताबाई झाडाखाली वाकून वेचत होत्या. सुमनबाई आणि दोघी जणी कधी या बांधावरून, कधी त्या बांधावरून हाक द्यायच्या. पहिल्या मशीनचं जे जे आपोआप होतं ते मी बंद केलं. हाक ऐकू आली. शेवंताबाईंनी ओ दिली, पण बघितलं उलट्या बाजूला. सुमनबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. हाक कुठून आली हे जंगलात कळलं नाही तर ऐकून उपयोग नाही, एवढं मलाही आता समजायला लागलं होतं.

दुसरी मशीन लावली. पहिल्यांदा वाळक्या पानांचा आवाजच इतका आला की बाईंनी कानावर हात ठेवले. मी तो कमी केला तर हाकही कमी झाली. वाढवली तर मशीन शिट्टी मारायला लागली. शिट्टी थांबवायची सोय सुरू केली तर तिनं सुमनबाईंची हाकही शिट्टी समजून कापली. मी घामाघूम. बांधावर पाच-पन्नास माणसं जमली होती आणि प्रत्येकाला काहीतरी सुचवायचं होतं. शेवटी कानाच्या मापाचा जो घट्ट साचा मी बनवून नेला होता तो बसवला, त्यामुळे आवाज बाहेर सांडायचा थांबला, शिट्टी गेली आणि ती सोय बंद ठेवता आली. मग हाक आली, डाव्या बांधावरून. शेवंताबाईंनी वाकलेल्या अवस्थेतच ओ दिली आणि डावा हात त्या बाजूला केला. पुन्हा मागून. पुन्हा उजवीकडून, लांबून. एकही चुकली नाही.

सुमनबाई खाटेजवळ आल्या. "उद्या पायटे ने म्हंते तं नेतो," त्या शेवंताबाईंना नाही, मला म्हणाल्या. "पर आखरीचं."

संध्याकाळी विलास आला, ड्युटी संपवून तसाच मोटारसायकलवर. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी फोन केला असणार. अंगणात उभा राहून तो माझ्यावर भडकला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

"म्याडम, मी मायले जंगलात पाठवाले मशीन घेतली का? घरी बसून चार लोकाईसंग बोलावं म्हून घेतली. आता तुमी फोनवाली काढून जंगलाची लावून देल्ली."

मलाही दुपारपासून तीच काळजी होती. कानाची मशीन वाघाला अडवत नाही. ती बंद पडू शकते, घामानं खराब होऊ शकते. तिच्या भरवशावर ही बाई गेली आणि काही झालं, तर मी कुठे तोंड दाखवू? मी विलासला हे सगळं स्पष्ट सांगितलं. तो आईकडे वळला.

"आयकलं ना माय? नोको जाऊ."

शेवंताबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. हे महत्त्वाचं, त्या ऐकत होत्या.

"विलास," त्या म्हणाल्या, "घरीच बसाचं होतं तं मशीन कायले पायजे होती? मी बयरीच बरी होती. घरात तं सगडे तोंडासमोर येऊन बोलतेत. मले थ्या बायाईत जाचं हाये बाप्पा. दोन साल झाले, कोनी मले हाक नाई देल्ली."

जेवताना विलासनं मला एवढंच विचारलं की चार्जिंग किती तास टिकतं. मी सांगितलं, दिवसभर. मग सुमनबाईंशी बोलून आम्ही तिघांनी एक नियम ठरवला. मशीन जरा जरी बंद वाटली, तरी शेवंताबाईंनी टोपलं सोडून सुमनबाईंच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. त्या दिवशी काही वेचायचं नाही.

पहाटे आठ जणी निघाल्या. मला आणि विलासला जंगलात यायची मनाई होती. अनोळखी पायांचा आवाज बायकांना नको होता. आम्ही कडेच्या बांधावर थांबलो. उजाडत होतं आणि हवेत मोहाचा गोड, जड वास होता. विलासची ड्युटी सकाळची होती. हेल्मेट हातात धरून तो उभाच होता.

पहिली हाक गेली. एक ओ आली. दुसरी. तिसरी. विलास बोटांवर मोजत होता. चौथी, पाचवी. सहावी जरा लांबून आली. मग काहीच नाही. मला वाटतं दोन-तीन सेकंदच गेले असतील, पण तेवढ्यात मी साचा, चार्जिंग, शिट्टी, सगळं मनात तपासून झाले.

"ओऽऽ."

सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक. विलासनं सातवं बोट मिटलं. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला अजून भीती वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं.

थोड्या वेळानं दुसरी हाक गेली. सात ओ आल्या. तिसरी गेली. सात. विलास ड्युटीला जायचं नाव काढेना. मी दोनदा आठवण केली, तर म्हणाला, "जातो म्याडम, अजून एक आयकून जातो." चौथ्या हाकेला सहा ओ येऊन गेल्या आणि आईच्या आधीच त्याच्या तोंडून ओ निघाली. मुद्दाम नव्हती, पण खणखणीत होती. लहान मुलाला कोणी हाक मारल्यावर तोंडातून निघते तशी निघाली. त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओशाळून हेल्मेटशी खेळायला लागला. पाठोपाठ आईची ओ आली.

ऊन चढल्यावर बायका परतल्या. डोक्यावर भरलेली टोपली, सगळ्यांच्या एकदम गप्पा. सुमनबाई पुढे होत्या. मी त्यांना विचारलं, "कसं झालं?" त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि पुढे गेल्या. शेवंताबाई सगळ्यांत मागे होत्या. आमच्यापाशी येऊन थांबल्या. चेहरा गंभीर, पण हसू गालात मावत नव्हतं.

"विलास, ओ देनाऱ्या आमी सात जनी. मंघाशी मांगून आठवी आली, बांधीकडून. थे कोनाची होती?"

विलासनं हेल्मेट बांधावर ठेवलं. सुमनबाई चालता चालता थांबल्या. "मले तं नाई आयकू आली," त्या म्हणाल्या.

"मले आली," शेवंताबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, लहानपणी रागवत असतील त्याच आवाजात, "जंगलात उगी ओ नाई देत, बाप्पा. एखादीची चुकली असती अन् तुयी मोजल्या गेली असती तं?"

"चुकलं, माय," विलास म्हणाला आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून घेतलं.